चर्चच्या माळ्यावरील शस्त्रक्रियागृह

लंडन शहरात थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर, लंडन ब्रिजपासून हाकेच्या अंतरावर, संत थॉमस यांच्या नावाचे एक जुने विटांचे चर्च आहे. आज तेथे उपासना होत नाही. मात्र बुरुजातील अरुंद गोल जिन्याच्या ५२ पायऱ्या चढून गेले की माळ्यावर वैद्यकीय इतिहासाचे एक छोटेसे संग्रहालय लागते. ते सरकारी नाही. एक विश्वस्त संस्था ते चालविते. हाडे कापण्याच्या करवती, लांब पात्यांच्या सुऱ्या, कवटीला भोक पाडणारी गिरमिटे, तुंबड्या, प्रसूतीचे चिमटे असा तेथील संग्रह आहे. त्याच छपराखाली १८२२ साली बांधलेले शस्त्रक्रियागृहही आहे. इंग्लंडमध्ये शिल्लक राहिलेले असे सर्वांत जुने शस्त्रक्रियागृह हेच.

चर्चच्या माथ्यावर शस्त्रक्रियागृह आले कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हे चर्च संत थॉमस रुग्णालयाचे होते, आणि त्या रुग्णालयाचे मूळ ऑगस्टिनियन व्रतस्थांच्या मठात आहे. १२व्या शतकात त्यांनी गोरगरिबांसाठी सुरू केलेल्या या शुश्रूषालयाला ११७० साली रक्तसाक्षी झालेल्या संत थॉमस बेकेट यांचे नाव मिळाले. राजसत्तेपुढे मान न तुकविणारा हा आर्चबिशप आठव्या हेन्रीच्या डोळ्यांत सलणे स्वाभाविकच होते. १५४० मध्ये रुग्णालय बंद करण्यात आले. सहाव्या एडवर्डच्या काळात ते पुन्हा उघडले, तेव्हा थॉमस हे नाव राहिले, पण संत बदलले. बेकेट यांच्या जागी प्रेषित थॉमस आले, आपल्या भारतभूमीचे प्रेषित! राजाज्ञेने संतांची अशी अदलाबदल झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही.

१८व्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या चर्चच्या माळ्यावर रुग्णालयाचा औषधविक्रेता वनस्पती वाळवीत असे. शेजारच्या इमारतीतील स्त्रियांचा कक्ष नेमका त्याच उंचीवर होता. तोवर स्त्रियांवरील शस्त्रक्रिया कक्षातच, इतर रुग्णांच्या देखत होत. म्हणून १८२२ मध्ये माळ्याचा एक भाग वेगळा काढून छताला मोठी काचेची खिडकी बसविण्यात आली; दिव्यापेक्षा वरून येणाऱ्या उजेडाचाच भरवसा अधिक. खालच्या चर्चच्या छतातून रक्त ठिबकू नये म्हणून जमीन दुहेरी करून मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा ठासला गेला. टेबलाखाली भुशाची पेटी असे. रक्ताची धार जेथे पडेल तेथे शल्यवैद्य ती पायाने सरकवी.

टेबलाभोवती अर्धवर्तुळात पायऱ्या होत्या आणि त्यांवर विद्यार्थी दाटीवाटीने उभे राहत. टेबलावर येणारी स्त्री गरीब असे. श्रीमंतांच्या शस्त्रक्रिया त्यांच्या घरीच होत. भूल ठाऊक नव्हती, म्हणून शल्यवैद्याचे कौशल्य त्याच्या वेगावरून जोखले जाई.

तेथील भिंतीवर लॅटिन शब्द आहेत: ‘मिसेरातिओने नॉन मेर्सेदे’. करुणेपोटी, मोबदल्यासाठी नव्हे. शल्यवैद्य गरिबांकडून पैसे घेत नसत, हे खरेच. पण विद्यार्थी मात्र शिकण्यासाठी त्यांना शुल्क देत, आणि शिकत ते या स्त्रियांच्या देहावर. करुणा कोणी कोणावर केली, असा प्रश्न आम्हांस पडतो. येथे त्या स्त्रियांचे दान शल्यवैद्यांच्या दानाहून लहान होते असे आम्ही म्हणणार नाही.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच डिसेंबरात लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी ईथर देऊन पाय कापला. म्हणजे या माळ्याच्या ४० वर्षांच्या आयुष्यातील पहिली २४ वर्षे भुलीवाचून गेली. भूल आली, तरी जखम पुढे चिघळे, ताप चढे आणि शस्त्रक्रियेतून वाचलेली स्त्री अंथरुणावर दगावे. जंतूंची कल्पनाच नव्हती. संग्रहातील जुन्या हत्यारांच्या मुठी पाहाव्यात: हस्तिदंत, शिसवी लाकूड, त्यावर नाजूक कोरीव नक्षी. अशी मूठ उकळत्या पाण्यात घालता येत नाही, आणि नक्षीच्या खाचांत काय काय साचत असेल! सबंध धातूची, गुळगुळीत हत्यारे नंतरची. जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगो येथे कार्बोलिक आम्लाचा प्रयोग केला तो १८६५ साली, आणि त्यापूर्वी तीन वर्षे हे शस्त्रक्रियागृह बंद झाले होते.

ते बंद पडले रेल्वेमुळे. चेरिंग क्रॉसकडे जाणाऱ्या लोहमार्गासाठी रुग्णालयाची जागा घेतली गेली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये आपली परिचारिका शाळा याच रुग्णालयात सुरू केली होती. स्थलांतर व्हावे असे त्यांचेही मत होते. १८६२ मध्ये रुग्णालय हलले आणि पुढे १८७१ मध्ये लॅम्बेथ येथील नव्या वास्तूत गेले. माळ्याचे दार बंद झाले आणि आत काय आहे याचा लोकांना विसर पडला.

जवळजवळ शंभर वर्षे तेथे धूळ साचत होती. १९५६ मध्ये रुग्णालयाच्या इतिहासाचा शोध घेणारे रेमंड रसेल शिडी लावून वर चढले, तेव्हा त्यांना ती जागा सापडली. डागडुजी होऊन १९६२ मध्ये संग्रहालय उघडले. पुढे माळ्याच्या लाकडांत अफूची काही सुकलेली बोंडे मिळाली. ईथर येण्यापूर्वी टेबलावरील स्त्रीला वेदनेवर उतारा मिळालाच, तर तो या बोंडांचा किंवा दारूच्या घोटाचा.