टाळ हातात, माईक गालावर: देहू-आळंदीपासून चाकणपर्यंत आवाजाचा प्रवास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात हे बिनतारी हेडसेट माईकचं काय काढलं? हा तर साउंडवाल्याचा प्रश्न. पण गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या सप्ताह समित्यांमध्ये, नाट्यसंस्थांमध्ये, कंपन्यांच्या गणेशोत्सव मंडळांमध्ये हा प्रश्न दर वर्षी निघतो. कुठला घ्यायचा, कितीचा घ्यायचा, आणि गाणं-बोलणं दोन्ही त्यात नीट येईल का? माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं उत्तर किंमतीच्या यादीत सापडत नाही. ते थोडं मागे जाऊन शोधावं लागतं.

आपण कुठे बसलो आहोत बघा. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, मध्ये इंद्रायणी. भंडारा आणि भामचंद्र हे तुकोबांच्या चिंतनाचे डोंगर, आणि भामचंद्राच्या आसपास आज चाकणची औद्योगिक वसाहत पसरली आहे. आळंदीत १९१७ साली विष्णुबुवा जोगांनी वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून कीर्तनकार घडवण्याची एक शिस्तच तिथे उभी राहिली. आणि याच पट्ट्यात १९५० च्या दशकात पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, पुढे टेल्को आली, बजाज आली. म्हणजे ज्या मातीत माणसं शतकानुशतकं हरिकथा ऐकत उभी राहिली, त्याच मातीत भोंग्यावर चालणारं आयुष्य सुरू झालं. आपला माईकचा प्रश्न या दोन गोष्टी जिथे भेटतात तिथला आहे.

आधी माईक नव्हता तेव्हाचं बोलू. माईक नसताना आवाज पोचवायचा म्हणजे शरीराने पोचवायचा. वारकरी भजनाची पट्टी उंच असते. नाट्यसंगीतातली पुरुषमंडळी काळी चार, पांढरी पाचपर्यंत चढून गात. आपण याला हौस म्हणतो, पण त्यामागे कानाचा हिशोब आहे. माणसाचा कान साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. खुल्या, चढ्या गळ्याने गायलं की आवाजातला तो भाग बळकट होतो आणि टाळ-मृदंगाच्या वरून आरपार जातो. बालगंधर्वांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली ती याच जमान्यात. शेवटच्या बाकावरचा प्रेक्षक हेच तेव्हाचं मोजमाप होतं. त्याला ऐकू गेलं तर गाणं झालं.

आणि बोलण्याचं काय? न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा वक्त्याला सावकाश, तोडून तोडून, प्रत्येक अक्षर सुटं करून बोलावं लागे. गाडगेबाबांचं कीर्तन तर प्रश्नोत्तरांचं. ते विचारायचे, समोरचा समाज एकमुखाने उत्तर द्यायचा. गर्दीच्या तोंडून आलेलं उत्तर मागच्यांनाही ऐकू जायचं. म्हणजे समोर बसलेली माणसं हाच त्यांचा लाउडस्पीकर! (हशा)

मग यंत्र आलं. १९१९ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सॅन दिएगोच्या मैदानावर हजारो लोकांपुढे लाउडस्पीकरवरून भाषण केलं. आपल्याकडे १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांतून मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओचे लाउडस्पीकर दिसू लागले. तिथून ते सभेत, जत्रेत, देवळावर, लग्नात गेले. झाडाला बांधलेला तो कर्णा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

माईकमुळे आवाज मोठा झाला, हे झालंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आवाजाला लहान होण्याची मुभा मिळाली. हळू बोललेलं दूर जाऊ लागलं. गजानन वाटव्यांसारख्या गायकांचं भावगीत हे या मुभेचं फळ आहे. कानाशी बोलल्यासारखं गायचं, आणि ते मैदानभर ऐकू जायचं. ही गोष्ट बालगंधर्वांच्या ऐन उमेदीच्या काळात शक्यच नव्हती.

मात्र त्या उभ्या माईकने माणसाला जागेवर खिळवलं. नाटकातला नट संवाद म्हणताना हळूच पुढच्या माईककडे सरकायचा. शाहीर डफ घेऊन दोन पावलं मागे गेला की शब्द गेला. तरी या बंधनात एक विद्या जन्मली, आणि तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. जाणता गायक तान चढली की तोंड माईकपासून वीतभर मागे नेतो, आणि कुजबुजायचं असेल तेव्हा ओठ जवळ आणतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. गायकाला हा नियम वाचून माहीत नसेल, पण मानेला माहीत असतो. आवाज किती पोचवायचा, हे तो स्वतः ठरवत असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

आता बिनतारी. शुअर कंपनीने १९५३ साली कलाकारांसाठी बिनतारी माईक बाजारात आणला. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माईक शोधला. लहान, हलका, स्वस्त. कॉलर माईक आणि हेडसेट यांच्या पोटात बहुतेक वेळा हाच असतो. आणि १९७९ साली केट बुश ही इंग्लिश गायिका नाचत गायची होती, म्हणून तिच्या माणसांनी कपड्यांच्या हँगरची तार वाकवून डोक्यावर माईक बसवला. गरज काय होती? हात मोकळे हवेत, आणि गाणंही हवं.

ही गरज आपल्या कीर्तनकाराची फार जुनी आहे. एका हातात टाळ किंवा चिपळ्या, दुसरा हात दृष्टांत सांगायला. मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग, मध्येच वळून टाळकऱ्यांना चाल द्यायची, मध्येच पुढे येऊन समाजाशी बोलायचं. गाणं आणि बोलणं एका श्वासात. हेडसेट जणू याच्यासाठीच केला आहे.

कॉलर माईक का नको? तो छातीवर, तोंडापासून सुमारे वीस सेंटीमीटरवर. हेडसेटचं टोक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन-अडीच सेंटीमीटरवर. आठपट अंतर, म्हणजे साधारण अठरा डेसिबलचा फरक. कॉलर माईकला तेवढं भरून काढायला साउंडवाला आवाज उघडतो, आणि त्याबरोबर टाळ उघडतात, मृदंग उघडतो, शेवटी शिट्टी वाजते.

दुसरं कारण आपल्या भागाचं खास आहे. हनुवटीखाली असलेल्या माईकपर्यंत स, श, त, क, ख ही व्यंजनं पुरती पोचत नाहीत. स्वर पोचतात, धार जाते. आणि आपला श्रोता कोण? प्रेस शॉपमध्ये, फोर्जिंगमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेला माणूस. कारखान्यासाठी आठ तासांना नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. त्या आसपासच्या गोंगाटात वर्षानुवर्षं कानाचं संरक्षण न करता काम केलं, तर ऐकणं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास कमी होतं. म्हणजे नेमकी तीच व्यंजनं! त्या माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. तो घरी म्हणतो, ‘महाराज आजकाल स्पष्ट बोलत नाहीत.’ त्याच्यासाठी गालावरचा माईक चैन नाही. त्याला कथेतलं वाक्य मिळणार की नुसता नाद, हे त्यावर ठरतं.

मग निवडताना काय बघायचं? थोडक्यात सांगतो.

दुकानदार विचारतो, चारी बाजूंनी ऐकणारा हवा की एका दिशेचा? एका दिशेचा घेतला की मागचे टाळ बंद होतील, असा समज आहे. तसं होत नाही. गालावरच्या त्या टोकाचं तोंड आपल्या ओठांकडे असतं, त्यामुळे त्याची बहिरी बाजू चेहऱ्याच्या बाहेर येते, पाठीमागे नाही. समोर ठेवलेल्या मॉनिटरचा आवाज तो कमी घेईल, पण पाठीमागच्या टाळांना फारसा अडवणार नाही. शिवाय तो जरा सरकला की आवाजाचा रंग बदलतो, श्वास फटफटतो. मान सतत हलवणाऱ्या कीर्तनकाराला चारी बाजूंनी ऐकणारा बरेचदा जास्त निभावतो. मॉनिटर मोठा आणि जवळ असेल तर दुसरा.

बसवणं फेट्याच्या आधी. तार कानावर घट्ट, गालावर वैद्यकीय चिकटपट्टीचा छोटा तुकडा, आणि टोक ओठांच्या बाजूला, समोर नाही. घाम हा या माईकचा पहिला शत्रू. कंबरेची डबी अंगरख्याच्या आत उघड्या अंगाला लावू नका. ओलं अंग लहरी शोषून घेतं.

लहरींवरून आठवलं. स्वस्त संच पुष्कळदा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या पट्ट्याला परवाना लागत नाही, पण वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच. दुपारी रिकाम्या मांडवात चाचणी उत्तम होते. रात्री हजार माणसं खिशात हजार फोन घेऊन येतात आणि आवाज तुटायला लागतो. रिसीव्हर टेबलाखाली ठेवू नका. माणसांच्या डोक्यांच्या वर, कीर्तनकार दिसेल अशा जागी ठेवा. जुना संच कुणी स्वस्तात देत असेल तर त्याच्या लहरी विचारा. सातशे मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी गेला आहे. आणि नुसता ब्लूटूथचा माईक गाण्याला घेऊ नका. त्यात आवाज इतका उशिरा येतो की टाळ आणि शब्द यांची फारकत होते.

जोडणीची पिनही बघून घ्या. एका कंपनीचा हेडसेट दुसऱ्या कंपनीच्या डबीत बसतोच असं नाही. शुअरची चार पिनांची, एकेजीची तीन पिनांची, सेनहायझरची फिरवून घट्ट करायची साडेतीन मिलिमीटरची.

हे सगळं नीट केलं तरी एक गोष्ट उरते, आणि मी त्याच्याकडेच येत होतो.

चाकणच्या बाजूला एका गावात सप्ताह होता. गाव आणि माणसांची नावं सांगत नाही. नवा, चांगला हेडसेट आणलेला. चाचणीच्या वेळी महाराज दोन वाक्यं बोलले, साउंडवाल्याने त्यावर आवाज लावला. कीर्तनात पहिला अभंग वरच्या पट्टीत चढला आणि कर्णे फाटले. त्याने घाबरून आवाज खाली ओढला. मग निरूपण सुरू झालं, महाराज हळुवार बोलू लागले, आणि मागे काहीच पोचेना. दुचाक्यांना टेकून उभी असलेली माणसं, दुसऱ्या पाळीहून थेट आलेली, एकेक करून निघून गेली. महाराजांना ते दिसत होतं. शेवटी त्यांनी हेडसेट काढला, टाळ मागच्याच्या हाती दिला आणि उभ्या माईकसमोर जाऊन उरलेलं कीर्तन पूर्ण केलं.

मला त्या रात्री कळलं, की हेडसेटने हात मोकळे केले, पण अंतर बांधून टाकलं. तोंड आणि माईक यांच्यातली जी वीतभर जागा गायकाच्या ताब्यात होती, ती संपली. आता मान मागे नेऊन उपयोग नाही, माईक बरोबरच येतो. आवाज किती पोचवायचा, हा निर्णय मिक्सरवर बसलेल्या पोराच्या बोटांत गेला. आणि त्याला आपण काय देतो? रात्रीचा चहा आणि शिव्या. (हशा)

म्हणून माझं सांगणं साधं आहे. हेडसेट निवडाल तेव्हा त्याच्याबरोबर तो माणूसही निवडा. त्याला कीर्तन कळलं पाहिजे. अभंगाची चाल कधी चढणार, दृष्टांत कधी उतरणार, हे त्याला आधी सांगा. चाचणीत बोलून दाखवू नका, वरच्या पट्टीत गाऊन दाखवा आणि डबीचा आवाज त्यावर लावा. मग हळू बोला आणि मिक्सरवरून तो उचलायला सांगा. गाण्यासाठी आणि बोलण्यासाठी दोन खुणा ठरवा. आणि स्टँडवरचा एक साधा तारेचा माईक बाजूला तयार असू द्या.

अजून एक. आवाज वाढवणं हा उपाय नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, मोजक्या दिवसांची सवलत सोडून. वस्तीत रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे. पहिल्या पाळीला पहाटे उठणारा माणूस शेजारच्या चाळीत झोपलेला असतो. तोही आपलाच श्रोता आहे, फक्त आज आलेला नाही. त्याला झोप आणि मागच्या रांगेतल्याला शब्द, दोन्ही मिळायचं असेल तर आवाज मोठा नको, स्पष्ट हवा.

याच शहरात जानेवारी २०२४ मध्ये शंभरावं मराठी नाट्यसंमेलन झालं. रंगमंच आहेत, यंत्रं आहेत, पैसाही आहे. तेव्हा पुढच्या सप्ताहाला, पुढच्या प्रयोगाला एवढं करा. चाचणीच्या वेळी समितीतल्या एकाने मंचाजवळ न थांबता अगदी मागे, दुचाक्या लावतात तिथे जाऊन उभं राहायचं. शक्यतो प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेल्याने. त्याने हात वर केला की माईक बरोबर लागला.

शेवटच्या बाकावरचा माणूस हे मोजमाप माईक नसताना होतं. ते अजून बदललेलं नाही.