नायट्रस संच : अश्वशक्तीच्या आकड्याआधी इंधनाचा हिशेब

इंजिन किती इंधन जाळू शकते हे त्याला मिळणाऱ्या प्राणवायूवर ठरते. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, तर नायट्रस ऑक्साईडमध्ये ३६ टक्के. इंजिनातील उष्णतेने, साधारण ३०० अंश सेल्सियसपुढे, या वायूचे विघटन होऊन तो मोकळा होतो. शिवाय दाबाखाली द्रवरूपात साठवलेले नायट्रस बाहेर पडताच उकळते आणि आत येणाऱ्या हवेला थंड, म्हणजेच दाट करते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी उंचावरील विरळ हवेत हीच युक्ती वापरली. मोटारींत ती अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींमुळे रुजली आणि २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरिअस' या चित्रपटाने तिचे वेड जगभर पसरवले.

नायट्रस हे इंधन नव्हे. ते स्वतः जळत नाही, जाळायला मदत करते. म्हणून जादा प्राणवायूच्या जोडीला जादा पेट्रोल पोहोचले नाही, तर पिस्टन काही सेकंदांत वितळू शकतो. संचाची निवड म्हणजे हे पेट्रोल कोणत्या वाटेने द्यायचे याची निवड होय.

'कोरड्या' संचात फक्त नायट्रस सोडले जाते; जादा पेट्रोल गाडीचेच इंजेक्टर देतात. त्यासाठी त्यांच्यात तेवढी क्षमता हवी आणि इंजिनच्या संगणकाची मांडणीही तशी करून घ्यावी लागते. 'ओल्या' संचात एकाच नोझलमधून नायट्रस आणि पेट्रोल दोन्ही येतात. प्रमाण हाताशी राहते, जोडणीही तुलनेने सोपी. मात्र आजच्या बहुतेक गाड्यांतील वळणदार प्लास्टिक मॅनिफोल्ड फक्त हवा वाहण्यासाठी घडवलेला असतो. कमी फेऱ्यांवर कळ दाबली तर पेट्रोल त्यात साचते आणि भडका उडून मॅनिफोल्डच फुटू शकतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोझल देणारी तिसरी पद्धत सर्वांत नेमकी, पण ती शर्यतीच्या गाडीलाच शोभते.

मूळ स्थितीतील चार सिलिंडरच्या इंजिनाने ३५ ते ५० अश्वशक्तीच्या जेटवर समाधान मानावे. दर ५० अश्वशक्तीमागे प्रज्वलन सुमारे दोन अंश मागे घ्यावे, स्पार्क प्लग एक पायरी 'थंड' बसवावेत. उरलेला पैसा मोठ्या जेटवर न घालवता तीन स्विचांवर खर्च करावा : पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावरच चालू होणारा, ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच वाव देणारा, आणि पेट्रोलचा दाब घसरताच नायट्रस तोडणारा. हे स्विच नसलेला स्वस्त संच अखेर महागच पडतो.

गोव्यासारख्या उष्ण प्रदेशात बाटलीचा विचार वेगळा करावा लागतो. ३६.४ अंशांपुढे नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि मे महिन्यात बंद डिकीचे तापमान याहून पुष्कळ वर जाते. कामाचा दाब ९०० ते १,००० पीएसआय असावा. तो फार वाढला, तर नायट्रस जादा जाऊन पेट्रोलचे प्रमाण बिघडते. तेव्हा थंड हवेसाठी बनलेल्या बाटलीच्या हीटरपेक्षा येथे दाबमापक आणि सावली जास्त उपयोगी पडतात. सुरक्षा झडपेची नळी डिकीत न सोडता गाडीबाहेर काढणे अनिवार्य समजावे. बंद जागेत हा वायू जीव गुदमरवतो.

कायद्याची बाजू टाळता येणार नाही. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही. दाबाच्या बाटल्यांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात. मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. म्हणून हा संच बंदिस्त ट्रॅकपुरताच ठेवावा. रस्त्यावर येताना बाटली उतरवून ठेवावी. एरवीही दोनशे मीटरच्या मोकळ्या पट्ट्यासाठी शेजारच्या दुचाकीस्वाराचा जीव पणाला लावण्याचा हक्क कोणालाच नाही.

ट्रॅकवरील पहिल्या धावेनंतर लगेच इंजिन बंद करून प्लग काढून पाहावेत. चिनी मातीचा भाग पांढराफटक दिसला, तर पेट्रोल कमी पडते आहे. त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक चमकदार कण दिसले, तर पिस्टन झिजू लागला आहे. अशा वेळी बाटलीची झडप बंद करून गाडी गॅरेजमध्ये न्यावी.