क्लोनिसची गाठ : दुष्काळाच्या सावलीत वाढलेला एक टाका

१/११
आजचा धागा खरोखरच धाग्याविषयी आहे. क्रोशाच्या विणकामात 'क्लोनिसची गाठ' नावाचा एक नक्षीचा टाका आहे. विरळ जाळीवर मध्येच मोहरीएवढा मणी उमटावा, तसा तो दिसतो. आज तो जगभर हौसेने शिकला जातो. मात्र ज्या विणकामातून तो आला, ते आयर्लंडच्या एका गावात १८४७ साली पोटासाठी शिकवले जाऊ लागले. त्या टाक्याचा हा इतिहास.

२/११
१८४५ च्या शरद ऋतूत आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि पुढील काही वर्षे तो परतत राहिला. गरीब आयरिश कुटुंबाचे रोजचे अन्न म्हणजे बटाटा. १८४१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८५१ मध्ये ती सुमारे ६५ लाखांवर आली. अंदाजे १० लाख माणसे भुकेने व साथींनी मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली.

३/११
देशात इतर धान्य पिकत नव्हते असे नाही. ओट आणि गुरे विकून कुळे जमीनदाराचा खंड भरत आणि स्वतः बटाट्यावर जगत. दुष्काळातही ही निर्यात चालू राहिली. १८४७ च्या कायद्याने तर पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्या कुटुंबाला सरकारी मदत नाकारली. म्हणजे जमीन राखायची की पोट भरायचे, एवढाच पर्याय उरला. मदतकार्याची सूत्रे लंडनच्या अर्थखात्यातील ज्या चार्ल्स ट्रेव्हेलियनच्या हाती होती, तोच १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून भारतात आला.

४/११
अशा वेळी घरात रोख पैसा आणू शकेल, असे कोणतेही काम मोलाचे होते. युरोपच्या श्रीमंत वर्गात सतराव्या शतकातील व्हेनिसच्या उठावदार लेसला फार मान होता. ती शिवणाच्या सुईने एकेक फासा घालून तयार होई, त्यामुळे तिला अतोनात वेळ लागे. क्रोशाच्या आकड्याने तशीच दिसणारी लेस कितीतरी लवकर विणता येई. भांडवल म्हणाल, तर एक आकडा आणि सुती धागा. कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील उर्सुलाइन जोगिणींनी हे काम मुलींना शिकवले होते. लंडनमध्ये रिएगो द ला ब्रांशार्दिएर या विदुषीची क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तके याच दशकात निघू लागली.

५/११
उत्तरेकडील मॉनहन काउंटीत क्लोनिस हे गाव आहे. तेथील धर्मोपदेशकाची पत्नी कॅसांड्रा हँड हिने १८४७ मध्ये किल्डेअरमधील अशाच एका शाळेतून शिक्षिका बोलावून गावातील स्त्रियांना क्रोशा शिकवण्याची सोय केली. विणलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळवण्याचे कामही तिनेच अंगावर घेतले. थोड्याच वर्षांत क्लोनिस हे आयरिश क्रोशाचे मोठे केंद्र झाले.

६/११
या लेसची रचना पाहण्याजोगी आहे. गुलाब, तीन पानांचा शॅमरॉक, द्राक्षांचे घोस हे नमुने आधी सुटे विणले जात. कडेला जाड दोरा घालून त्यांना उठाव दिला जाई. मग ते कापडावर पालथे टाचून मधल्या मोकळ्या जागा जाळीने भरत आणि शेवटी टाचे उसवून लेस अलगद सोडवत. काही घरे एखाद्याच नमुन्यात तरबेज असत आणि आपली रीत शेजाऱ्यालाही दाखवत नसत. नमुना हीच त्यांची मिळकत होती.

७/११
मधल्या या जाळीतच क्लोनिसची गाठ बसते. साखळीचे तीन-चार टाके काढायचे. आकड्यावर धागा घ्यायचा, आकडा साखळीखालून न्यायचा, पुन्हा धागा घेऊन वर आणायचा. असे दहा-बारा वेळा केले की साखळी वेढ्यांनी झाकली जाते. मग सर्व वेढ्यांतून धागा एका दमात ओढून घ्यायचा आणि बुडाशी एक टाका घालून गाठ पक्की करायची.

८/११
वाचायला सोपे, हाताला अवघड. वेढे घट्ट पडले तर आकडा अडकतो. सैल पडले तर गाठ घसरते. शिवाय प्रत्येक मणी शेजारच्याएवढाच हवा. त्यात पीटच्या धुराने भरलेल्या झोपडीत पांढरा धागा पांढराच राखायचा.

९/११
या कमाईतून खंड भरले गेले, घरे चालली, अमेरिकेच्या बोटीची तिकिटे निघाली. पण भाव ठरत होता दूरच्या शहरांतील फॅशनवर. १८८० च्या दशकापासून यंत्रावर तयार होणाऱ्या नकली लेसने स्पर्धा वाढवली आणि पहिल्या महायुद्धानंतर वेशभूषाच बदलली, तेव्हा मागणी आटली.

१०/११
भारतातही याला समांतर उदाहरण आहे. आंध्रातील नरसापूर परिसरात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस रुजवली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या ग्रंथात दाखवून दिले, की जागतिक बाजारासाठी तासन्‌तास विणणाऱ्या या स्त्रियांना कामगार न मानता 'फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी' मानले जाते आणि मजुरी त्यामुळेच तुटपुंजी राहते. आपल्या दारावरच्या क्रोशाच्या तोरणाला आपणही सहज 'रिकामपणचा उद्योग' म्हणतो, ते आठवून पाहावे.

११/११
आयरिश लेसचा इतिहास बहुधा परोपकाराची कथा म्हणून सांगितला जातो. ती कथा खोटी नाही. कॅसांड्रा हँडच्या शाळेने घरे तगवली. परंतु ज्या खंडपद्धतीने ही माणसे उपाशी पडली, तिला लेसने धक्का लावला नाही. शिकवणारीचे नाव उरले, गाठीला गावाचे नाव मिळाले. विणणाऱ्या बहुतेक जणी अनामच राहिल्या. संग्रहालयातील एखाद्या आयरिश कॉलरचे छायाचित्र दिसले, तर त्यातील बोटभर जाळीतल्या गाठी मोजा. लेखी नोंद न ठेवलेल्या त्या स्त्रियांच्या कामाचा तोच हिशेब आहे.