विटीदांडूची मोजणी : वकट, लेंड, मुंड, नाल...

मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेल्या सावनेर तालुक्यात विटीला ‘गिल्ली’ म्हणणारेही भेटतात. नाव कोणतेही असो, खेळ तोच. तुकारामांच्या गाथेत ‘विटुदांडू’ या खेळावर अभंगरचना आहे, यावरून त्याचे जुनेपण ध्यानात यावे.

साहित्य अल्प आहे. दांडू सुमारे दीड ते दोन फुटांचा, तर विटी ४ ते ६ इंचांची व दोन्ही टोकांना निमुळती. जमिनीत लांबट खळगा खणून त्यावर विटी आडवी ठेवायची आणि दांडूने ती कोलून दूर उडवायची. समोरच्या गड्याने ती वरच्यावर झेलली की खेळणारा बाद. झेल सुटल्यास खळग्यावर आडव्या ठेवलेल्या दांडूवर नेम धरून तो गडी विटी फेकतो. नेम लागला तरी डाव संपतो. वाचवण्याचे काही साधन हाती नसल्याने खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो तो याच क्षणी.

नेम चुकला की मोजणी सुरू होते आणि या खेळाची खरी गंमत मोजणीतच आहे. खळग्यापासून विटीपर्यंतचे अंतर दांडूने मोजताना एक, दोन, तीन न म्हणता वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झकू असे म्हणतात. सात झाले की पुन्हा वकट. ही नावे व त्यांचा क्रम गावागणिक थोडा बदलतो. पहिली चार नावे तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या अंकांशी उघडच जुळतात. ‘आरु’ म्हणजे तेलुगूत सहा. येथे मात्र तो पाचव्या जागी येऊन बसला आहे. मुलांच्या तोंडी अंक असे सरकतातच!

विटी ९ दांडू अंतरावर थांबली, तर सातांची एक फेरी पुरी होऊन दोन उरतात, म्हणजे लेंड. ज्या नावावर मोजणी संपेल, त्या पद्धतीने पुढचा टोला मारावा लागतो. कधी विटी पायाच्या चवड्यावरून उडवायची, कधी मुठीवरून, तर ‘डोळा’ आल्यास मान मागे टाकून मिटलेल्या डोळ्यावरून. विटीची टोके अणकुचीदार असल्याने लहान मुलांनी हा प्रकार वगळून हातावरूनच टोला मारावा आणि बघ्यांनीही समोर उभे राहू नये. टोल्यानंतर विटी जेथे पडेल तेथपर्यंत जितके दांडू भरतील, तितके गुण.

भांडणे होतात ती बहुधा येथेच. मोजणारा दांडू उलटवताना तो हळूच मागे ओढून एखादा दांडू वाढवून घेतो. म्हणून प्रत्येक वेळी टोकाशी बोट टेकवून खूण धरावी आणि प्रतिपक्षाचा एक गडी मोजणाऱ्याच्या शेजारून चालावा. काही ठिकाणी मोजणीची कटकट नको म्हणून विटीच्या टोकावर दांडू आपटून ती उसळवतात आणि हवेतच टोला देतात. त्यासाठी तीन संधी मिळतात.