चहाचे पाणी : पुणे आणि व्हिएतनाम

चहाचा इतिहास बहुधा मळे, व्यापार आणि वसाहतवाद यांच्या अंगाने लिहिला जातो. दिल्लीत तौलनिक साहित्य शिकवताना मराठी व व्हिएतनामी संहिता शेजारी ठेवल्या, की पानापेक्षा पाण्याचा प्रश्न अधिक कळीचा ठरतो.

१८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त जमलेल्या मंडळींपुढे चहा आला. काहींनी तो घेतला, काहींनी पेल्याला केवळ हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’मधून प्रसिद्ध करविली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये ते घेतले. त्या प्रसंगाची हकीकत रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या ग्रंथात येते. वाद चहा या पेयाचा नव्हताच. तो पाण्याचा आणि पेला पुढे करणाऱ्या हाताचा होता.

उत्तर व्हिएतनामच्या डोंगराळ भागात चहाची झाडे फ्रेंच राजवटीच्या कितीतरी आधीपासून आहेत. तेथे चहा परक्याच्या पेल्यातून आलेला नाही. न्गुयेन तुआन यांच्या १९४० च्या ‘वांग बोंग मोत थोय’ या संग्रहातील मातीच्या चहादाण्यांवरील कथेत वृद्ध नायक चहासाठी टेकडीवरील बौद्ध मंदिराच्या विहिरीचे पाणी आणवितो. पुढे दारिद्र्य आल्यावर त्याला चहादाण्याच विकाव्या लागतात. त्याच कथेतील एक भिकारी यजमानाचा चहा चाखून त्यात भाताच्या तुसाचा वास असल्याचे सांगतो, आणि ते खरे ठरते. म्हणजे येथेही शुद्धतेचा आग्रह आहे. परंतु तिची पारख जिभेवर सोपविलेली आहे, जन्मावर नव्हे. ही अभिजनांची स्मरणरंजक सृष्टी आहे, हे मान्य करूनही हा फरक उरतोच.

तेव्हा ‘चहा’ हा समान विषय धरून केलेली तुलना अपुरी पडते. पुण्यातील सुधारकांच्या चुकीला प्रायश्चित्ताचा मार्ग उपलब्ध होता. ज्यांच्या स्पर्शानेच पाणी बाटते असे मानले गेले, त्यांच्यासाठी कोणतेही प्रायश्चित्त नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा पंचहौदच्या पेल्यात झाकलेला प्रश्न उघड्यावर आला. मराठीतील चहाचा इतिहास त्या तळ्यापर्यंत नेल्याशिवाय पुरा होत नाही.