मळ्याची मागणी

पवित्र शास्त्रात भाजीच्या मळ्याचा उल्लेख एका दारुण प्रसंगी येतो. अहाब राजाला आपल्या राजवाड्यालगत भाजीचा मळा हवा होता आणि शेजारीच नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाने मोबदला देऊ केला. परंतु वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथाने नकार दिला. राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथ दगडमाराने मेला आणि राजा मळ्याचा ताबा घ्यावयास निघाला. ‘राजे’ या पहिल्या ग्रंथातील ही कथा सांगताना आम्ही धर्मगुरू बहुधा लोभावर बोलतो. जमिनीविषयी शब्द कोणाचा चालतो, हा तिच्यातील दुसरा प्रश्न मात्र निसटून जातो. धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांच्या भाजीच्या मळ्यांचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा तोच प्रश्न आमच्यापुढे पुन्हा उभा राहिला.

हा मुलूख भाजीला परका नाही. मळ्यातच विठ्ठल पाहणारे संत सावता माळी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील अरणचे, तर त्यांचे समकालीन संत गोरा कुंभार याच जिल्ह्यातील तेरचे. पण बालाघाटाच्या या पठारावर पाऊस बेताचा आणि लहरी. मोरीच्या सांडपाण्यावर परसात एखादा दोडक्याचा वेल चढवावा, शेतात ज्वारी-तुरीच्या ओळींत गवार, अंबाडी टोचावी, एवढीच बाईची बाग असे. १९७२ च्या दुष्काळाने तीही करपली. स्त्रिया खडी फोडावयास गेल्या आणि घरोघर रेशनचा मिलो शिजू लागला. त्या अनुभवातूनच पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. नंतरच्या काळात ऊस आला, सोयाबीन आले. शेतात रोकड पिके उभी राहिली आणि शेतकऱ्याच्या घरची भाजी आठवडी बाजारातून येऊ लागली.

या सर्व काळात पेरणी, खुरपणी, काढणी बाईच करीत होती. परंतु काय पेरावे हे तिला कोणी विचारीत नव्हते. सातबाराच्या उताऱ्यावर तिचे नाव क्वचितच असे. या अन्यायाची जाण महाराष्ट्राला नव्हती असे नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून घरधन्याने आपण होऊन पत्नीच्या नावे जमीन करावी असे आवाहन केले. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनीच ‘सीताशेती’ची कल्पना मांडली : जमिनीचा एक तुकडा बाईच्या हाती द्यावा आणि तिने तो विकतच्या खतांवाचून पिकवावा. शासनानेही १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला. बीज पडले होते. ते सर्वत्र रुजले नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडण्यापूर्वी धरणी हादरली. आदली रात्र गणेशविसर्जनाची होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. सुमारे आठ हजार जीव गेले. पुनर्वसनाच्या कामात गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. शासनाची योजना घरोघर समजावणे आणि बांधकामावर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. ज्या स्त्रिया चारचौघांत तोंड उघडीत नसत, त्या अभियंत्याला सिमेंटचे प्रमाण विचारू लागल्या. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था याच कामातून उभी राहिली. भिंतीविषयी बोलण्याचा हक्क मिळाला, तेव्हा शेताविषयी बोलण्याचा दिवस फार दूर नव्हता.

तो दिवस दुष्काळाने आणला. २०१२ ते २०१६ या काळात मराठवाड्याने एकामागून एक दुष्काळ सोसले; २०१६ मध्ये शेजारच्या लातुरास रेल्वेने पाणी पुरवावे लागले. रोकड पीक बुडाले की पैसा नाही आणि पैसा नाही की भाजीही नाही, हे कोडे स्त्रियांपुढे होते. संस्थेच्या साहाय्याने त्यांनी घरच्यांपुढे मागणी ठेवली : आम्हांला अर्धा एकर, फार तर एक एकर द्या, त्यात काय लावावयाचे ते आम्ही ठरवू. हीच ‘एक एकर शेती’. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या स्त्रियांनी ती गावोगाव पोहोचवली.

खुरपे या स्त्रियांच्या हाती लहानपणापासून होते. नवशिक्या त्या होत्या निर्णयात. काय लावावे, बी कोणते राखावे, पाणी कोठे वळवावे, हे प्रथमच त्यांना ठरवावयाचे होते. या मळ्याची रचना साधी आहे. महिनाभरात हाती येणारी मेथी-कोथिंबीर, दीड-दोन महिन्यांनी भेंडी आणि गवार, सहा महिने शेतात राहणारी तूर असा मेळ घातला, की एक पीक गेले तरी दुसरे तारते. शेण, गोमूत्र, गूळ आणि डाळीचे पीठ यांचे जीवामृत, किडीला निंबोळीचा अर्क, मुळांशी पालापाचोळ्याचे आच्छादन आणि जमेल तेथे ठिबक. पहिला वाटा घरच्या ताटाचा. उरेल ते बाजाराला. २०१७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर पारितोषिक’ या संस्थेस मिळाले. प्रेमा गोपालन २०२२ मध्ये निवर्तल्या.

या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मिळाला तो बहुधा कसण्याचा हक्क, मालकीचा नव्हे. दिलेला एकर कागदावर घरधन्याचाच असेल, तर तो परतही घेता येतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात पॅराग्वेच्या बिशपांचा हवाला देऊन, कसणाऱ्याला निर्वाहापुरत्या जमिनीचा नैसर्गिक हक्क आहे, असे सांगितले. त्या ‘कसणाऱ्या’त बाई येते की नाही, याचे उत्तर सातबाऱ्यावरच मिळावयाचे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. आम्हांला मात्र अजूनही ‘शेतकरी’ म्हटले की डोळ्यांपुढे पागोटेच येते, हे कबूल करावयास हवे.

बाबेलच्या बंदिवासातील लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र धाडले. सर्वस्व गमावलेल्यांना त्याने घरे बांधावयास आणि मळे लावून त्यांचे फळ खावयास सांगितले. किल्लारी-सास्तूरच्या परिसराने घरे पुन्हा बांधली; मळे स्त्रियांनी लावले. अहाबाने सत्तेच्या बळावर परक्याचा मळा बळकावला. या स्त्रियांनी, ज्या जमिनीत त्यांचा घाम आधीच मुरला होता, तिच्यातलेच चाळीस गुंठे घरच्यांकडे मागून घेतले. आपल्या घरी अशी मागणी कोणी करण्यापूर्वीच आपण सातबारा काढून पाहिला, तर बरे होईल.