मॉडेल टी आणि मॉडेल ए

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांतून १९०८ च्या ऑक्टोबरांत बाहेर पडलेली 'मॉडेल टी' ही मोटार आज एखाद्या निष्णात चालकाच्या हातीं दिली, तर तो प्रथम गोंधळूनच जाईल. वेग वाढविण्यासाठीं उजवा पाय टेकावा, तर तेथें ब्रेक! वेगाची दांडी सुकाणूच्या चक्राखालीं, हाताशीं. डावें पेडल पुरतें दाबलें म्हणजे गाडी मंद चाले, सोडलें म्हणजे जलद. मधलें दाबलें कीं मागें जाई. पेट्रोलची टांकी बैठकीखालीं असून पेट्रोल केवळ स्वतःच्या भारानें एंजिनाकडे उतरे. टांकी अर्धवट रिकामी असली तर तीव्र चढावर एंजिन उपाशी राही. मग गाडी उलट फिरवून पाठमोरीच चढवावी लागे. हँडल मारून ती सुरू करतांना ठिणगीची वेळ साधली नाहीं, तर हँडल उसळून मनगट मोडण्याचें भय.

तरीही लोकांनीं ती डोक्यावर घेतली, कारण ती काटक होती आणि स्वस्त होत गेली. १९१३ सालीं हायलंड पार्क येथें सरकत्या जुळणीची पद्धत सुरू झाली व सांगाडा जुळविण्यास लागणारा साडेबारा तासांचा वेळ सुमारें दीड तासावर आला. ८५० डॉलरांची गाडी पुढें तीनशेंच्या आंत मिळूं लागली. दीड कोटी गाड्या निघाल्या.

परंतु लोक बदलले. शेव्हरोलेसारख्या गाड्या रंगीत होत्या, चालविण्यास सुलभ होत्या, हप्त्यानें मिळत. खुद्द पुत्र एड्सेल नव्या गाडीसाठीं आग्रह धरीत असतां फोर्ड बधले नाहींत. १९२६ सालीं एड्सेलच्या साडूनें, अर्न्स्ट कान्झलर यांनीं, हीच गोष्ट लेखी मांडली. थोड्याच महिन्यांत त्यांची नोकरी गेली. असला हट्ट यंत्राच्या प्रेमाचा म्हणावा कीं स्वतःच्या?

अखेर १९२७ च्या मेमध्यें 'टी' बंद झाली, त्या वेळीं पुढची गाडी तयारच नव्हती! ती, 'मॉडेल ए', डिसेंबरांत आली. २० च्या जागीं ४० अश्वशक्ति, तीन गती, चारही चाकांना ब्रेक, पुढें न विखुरणारी सुरक्षित कांच, आणि वेग पायाखालीं. टांकीही उंचावर, काचेच्या पुढें गेली. आजचा गिअर बदलणारा चालक ती थोड्या सरावानें चालवूं शकेल. दांत मात्र कुरकुरतील. 'टी' माणसास आपल्या संवयी लावी, 'ए' नें माणसाच्या संवयी पाहिल्या. १९३२ पर्यंत तिच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

मधल्या महिन्यांत हजारों कामगार घरीं बसले होते. दिवसाला पांच डॉलर देण्याची फोर्डांची १९१४ ची कीर्ति त्यांच्या चुलीस उपयोगी पडली नाहीं. डेट्रॉइटचे एक धर्मोपदेशक रायनहोल्ड नीबर यांनीं आपल्या टिपणवहींत नव्या गाडीची किंमत मांडतांना ह्या कामगारांचें बुडालेलें वेतनही धरलें. ती टिपणवही १९२९ सालीं छापून निघाली.